स्वेटरवाल्याचं गाव कुठलं? तिबेटसाठी आपल्यासारखी माणसं काय करू शकतात

दिवाळीचे कंदील उतरले की आपल्याकडच्या बऱ्याच शहरांत एखाद्या मैदानाच्या कडेला स्वेटरची दुकानं ओळीनं लागतात. बांबू, ताडपत्री, टांगलेली जाकिटं, कानटोप्यांचा ढीग, आणि मागे स्टुलावर बसून थर्मासमधला चहा पिणारं एखादं जोडपं. गिऱ्हाइकं त्यांना नेपाळी म्हणतात, कधी चिनी म्हणतात. दोन्ही चूक. ‘चिनी’ ही तर जिव्हारी लागावी अशी चूक, कारण चीननं त्यांचा देश घेतला म्हणून तर ती माणसं, किंवा त्यांचे आजीआजोबा, इथे आले.

जुलै २०२५ मध्ये दलाई लामांनी नव्वदी पूर्ण केली आणि त्यांचा वारस कोण ठरवणार यावरून बातम्या सुरू झाल्या. तेव्हापासून ओळखीतली माणसं दोन प्रश्न विचारतात. हे तिबेटचं प्रकरण नेमकं आहे तरी काय? आणि आपण त्यात काय करणार? दुसऱ्याचं उत्तर ‘काहीच नाही’ असं बहुतेक जण विचारता विचारताच देऊन टाकतात. मला ते पटत नाही.

आधी घडलं काय?

तिबेट म्हणजे हिमालयापलीकडचं उंच पठार. १९१३ नंतर जवळजवळ चार दशकं राजधानी ल्हासातलं सरकार स्वतःचा कारभार स्वतः पाहत होतं. चलन त्यांचं, टपाल त्यांचं, छोटंसं सैन्यही त्यांचं. त्याआधीच्या शतकांबद्दल वाद आहे. चीन म्हणतो, तिबेट पूर्वापार आमचाच. तिबेटी म्हणतात, मंगोल आणि मांचू सम्राटांशी आमचं नातं गुरू आणि यजमानाचं होतं, मालक आणि प्रजेचं नव्हे.

ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी फौजा पूर्व तिबेटातल्या चामदोत शिरल्या. पुढच्या मे महिन्यात बीजिंगमध्ये १७ कलमी करारावर तिबेटी प्रतिनिधींच्या सह्या घेतल्या गेल्या. तुमच्या ओसरीवर कुणी बंदूक घेऊन बसावं आणि मग भाडेकराराचा कागद पुढे करावा, तशी ती सही. त्या कागदावरही तिबेटची राजकीय व्यवस्था आणि दलाई लामांचे अधिकार बदलणार नाहीत, असं वचन होतं. ते पाळलं गेलं नाही.

मार्च १९५९ मध्ये दलाई लामांना चिनी छावणीतल्या एका कार्यक्रमाला बोलावणं आलं, तेही नेहमीच्या अंगरक्षकांशिवाय. बातमी शहरभर पसरली. १० मार्चला हजारो लोकांनी त्यांच्या नोर्बुलिंगका राजवाड्याभोवती कडं केलं आणि त्यांना बाहेर जाऊच दिलं नाही. १७ तारखेच्या रात्री दलाई लामा वेष बदलून निघाले आणि ३१ मार्चला भारताच्या हद्दीत पोहोचले. त्यांच्यामागून सुमारे ८० हजार माणसं आली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं १९५९, १९६१ आणि १९६५ मध्ये तिबेटवर ठराव केले. १९६१ च्या ठरावात तर स्वयंनिर्णयाच्या हक्काचा स्पष्ट उल्लेख आहे. पुढे फार काही झालं नाही.

नकाशाबद्दल एक खुलासा. चीन ज्याला ‘तिबेट स्वायत्त प्रदेश’ म्हणतो तो ऐतिहासिक तिबेटचा साधारण निम्माच भाग आहे. खाम आणि आम्दो या प्रांतांचा बराचसा भाग छिंगहाई, सिचुआन, गान्सू, युन्नान या चिनी प्रांतांत वाटला गेला. दलाई लामांचा जन्म आम्दोतला, म्हणजे चिनी नकाशाप्रमाणे तो तिबेटात झालेलाच नाही.

मग त्यांना हवंय काय, स्वतंत्र देश?

इथे बातम्या वाचताना सगळ्यात जास्त घोळ होतो. तिबेटी माणसांत दोन विचार आहेत. एक ‘रंगझेन’, म्हणजे पूर्ण स्वातंत्र्य. दुसरा ‘उमे लाम’, म्हणजे मध्यम मार्ग. दलाई लामा आणि धरमशालेचं निर्वासित सरकार दुसऱ्या मार्गाचे आहेत. हा मार्ग म्हणतो की आम्ही चीनच्या चौकटीत राहायला तयार आहोत, पण भाषा, धर्म, शिक्षण, पर्यावरण यांचा कारभार आमच्या हाती द्या.

एकत्र कुटुंबात राहू, पण चूल आमची, असं हे म्हणणं आहे. परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण चीनकडेच राहील, हेही त्यांनी मान्य केलं. २००२ ते २०१० मध्ये दोन्ही बाजूंत चर्चेच्या नऊ फेऱ्या झाल्या आणि हाती काही लागलं नाही. बीजिंगच्या मते वेगळी चूल मागणं म्हणजेच घर फोडणं.

यातलं कोणतं बरोबर, हे ठरवायचा अधिकार तिबेटी लोकांचा आहे. पाठीराख्यानं त्यांच्या घरच्या वादात पंच होऊ नये, असं माझं मत आहे.

वारसाचा प्रश्न एवढा का पेटलाय?

तिबेटी श्रद्धेप्रमाणे दलाई लामा पुन्हा जन्म घेतात आणि ज्येष्ठ भिक्षू त्या बालकाला शोधून काढतात. २ जुलै २०२५ रोजी दलाई लामांनी जाहीर केलं की ही परंपरा पुढे चालू राहील आणि पुढच्या दलाई लामांना ओळखण्याचा अधिकार फक्त त्यांच्या गादेन फोद्रांग न्यासाचा असेल. चीनचं म्हणणं, निवडीला केंद्र सरकारची मंजुरी लागेलच. तसा नियमच त्यांनी २००७ मध्ये काढून ठेवलाय.

ज्ञानोबांच्या पालखीत कुठल्या दिंडीचा मान कितवा, हे वारी न मानणाऱ्या एखाद्या पक्षाच्या कार्यालयानं हुकूम काढून ठरवलं, तर वारकऱ्यांना काय वाटेल? इथे तर ठरवणारा चिनी कम्युनिस्ट पक्ष अधिकृतपणे नास्तिक आहे.

हे एकदा करूनही झालंय. तिबेटी परंपरेत दलाई लामांच्या खालोखाल मान पंचेन लामांचा. १४ मे १९९५ रोजी दलाई लामांनी गेदून चोकी न्यिमा या सहा वर्षांच्या मुलाला पंचेन लामा म्हणून ओळखलं. तीनच दिवसांत चिनी अधिकाऱ्यांनी त्याला आईवडिलांसकट उचललं. त्याच्या जागी सरकारनं आपला पंचेन लामा बसवला. तो मुलगा त्यानंतर जाहीरपणे कुणाला दिसलेला नाही. तो नीट आहे, त्याला त्रास देऊ नये, एवढंच चीन सांगतो. जिवंत असेल तर आज तो पस्तिशी ओलांडलेला माणूस आहे.

तिथे आज काय चाललंय?

सगळ्यात काळजीची गोष्ट शाळांची. फेब्रुवारी २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तीन तज्ज्ञांनी इशारा दिला की सुमारे १० लाख तिबेटी मुलं सरकारी निवासी शाळांत आहेत. तिथे शिक्षण चिनी भाषेत चालतं आणि मुलं आपल्या भाषेपासून, घरापासून तुटत चालली आहेत. गावातल्या शाळा बंद केल्या की पालकांपुढे दुसरा रस्ता राहत नाही. सुट्टीत घरी आलेल्या नातवाला आजीचं बोलणं कळेनासं झालं, की मग त्या भाषेवर वेगळी बंदी घालायची गरजच उरत नाही.

ताशी वांगचुक नावाचा एक दुकानदार आहे. तिबेटी भाषा शाळेत शिकवा, चीनच्या राज्यघटनेतच तसं लिहिलंय, असं तो म्हणाला. एका अमेरिकी वृत्तपत्राच्या व्हिडिओत बोलला म्हणून जानेवारी २०१६ मध्ये त्याला अटक झाली आणि पाच वर्षांची शिक्षा भोगून तो २०२१ मध्ये बाहेर आला. त्यानं स्वातंत्र्य मागितलं नव्हतं. कायद्यातलंच एक कलम वाचून दाखवलं होतं.

२००९ पासून तिबेटमध्ये दीडशेहून अधिक माणसांनी स्वतःला पेटवून घेतलं. या वाक्यापुढे काय लिहावं, मला सुचत नाही.

साध्या माणसांनी काही केलं, तर फरक पडतो का?

पडतो. पण हळू पडतो, आणि पडला तरी कुणी तसं कबूल करत नाही.

कर्नाटकातलं मुंडगोड आपल्या बेळगावपासून फार लांब नाही. तिथल्या तिबेटी वसाहतीत न्गावांग चोफेल नावाचा मुलगा वाढला. दोन वर्षांचा असताना आई त्याला घेऊन हिमालय ओलांडून आली होती. गाण्याची ओढ होती म्हणून तो धरमशालेत संगीत शिकला, पुढे शिष्यवृत्तीवर अमेरिकेतही गेला. वसाहतीतली म्हातारी माणसं एकेक करून जातायत आणि जुनी लोकगीतंही त्यांच्याबरोबर जातायत, हे त्याला दिसत होतं. म्हणून १९९५ मध्ये तो कॅमेरा घेऊन तिबेटमध्ये गेला. गावोगावची गाणी, नाच, बैलांमागे म्हणायची गाणी त्याला टिपायची होती. काही महिन्यांतच त्याला पकडलं. ‘हेरगिरी’बद्दल १८ वर्षांची सजा झाली.

त्याच्या आईपाशी पैसा नव्हता, ओळखी नव्हत्या, इंग्रजी नव्हतं. ती दिल्लीला जंतरमंतरवर जाऊन बसली. मुलाचा फोटो पुढे ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे सही मागत राहिली, वर्षानुवर्षं. सह्या करणारे कोण होते? कॉलेजची मुलं, ऑफिसला जाणारे कारकून, दिल्ली पाहायला आलेले प्रवासी. तिकडे अमेरिकेत तो ज्या व्हरमाँट राज्यात शिकला होता, तिथल्या नागरिकांनी आपल्या सेनेटरांच्या मागे लकडा लावला. सेनेटरांनी बीजिंगच्या मागे लावला. ऑगस्ट २००० मध्ये आईला तुरुंगात मुलाची भेट मिळाली. जानेवारी २००२ मध्ये, शिक्षेची ११ वर्षं उरलेली असताना, तो सुटला.

यातली कुठली सही ‘कामाची’ ठरली, हे कुणीच सांगू शकणार नाही. पण सह्याच नसत्या तर सेनेटरांच्या टेबलावर कागदच नसता.

दुसरं उदाहरण पैशाचं. छिंगहाईच्या दुलान भागात सुमारे ५८ हजार लोक नेऊन वसवायच्या चिनी प्रकल्पाला जागतिक बँक कर्ज देणार होती. तिथले मूळचे तिबेटी आणि मंगोल त्या लोंढ्यात आणखी अल्पसंख्य झाले असते. जगभरच्या तिबेट-समर्थकांनी, त्यात विद्यार्थी पुष्कळ, बँकेच्या दारात धरणं धरलं, पत्रांचा मारा केला. बँकेच्याच तपासणी मंडळानं सांगितलं की बँकेनं स्वतःचे नियम पाळलेले नाहीत. जुलै २००० मध्ये चीननं तो कर्जप्रस्ताव मागे घेतला.

बरं, मग मी काय करू?

घराजवळून सुरुवात करा. महाराष्ट्रातच एक तिबेटी वसाहत आहे, हे किती जणांना माहीत असतं? गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ. नाव नोर्ग्येलिंग. १९७२ मध्ये वसली तेव्हा तो भंडारा जिल्हा होता, म्हणून तिबेटी लोक आजही तिला भंडारा वसाहतच म्हणतात. थंड पठारावरची माणसं विदर्भाच्या उन्हात भाताची शेती शिकली. नुसत्या शेतीवर भागत नाही म्हणून वसाहतींतली पुष्कळ कुटुंबं हिवाळ्यात स्वेटर विकायला बाहेर पडतात. माल बहुतेक लुधियानाच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून उधारीवर उचललेला असतो. थंडी पडलीच नाही तर ते वर्ष कर्जात जातं. त्यांच्याकडून खरेदी कराच, पण ‘नेपाळी का?’ असं विचारण्याऐवजी तिबेटमधलं गाव कुठलं, हे एकदा विचारून पाहा.

दुसरी गोष्ट कागदांची. भारतानं निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही. त्यामुळे इथले बहुतेक तिबेटी कायद्यानं ‘परदेशी’ आहेत, इथेच जन्मले तरी. त्यांच्याकडे ‘आरसी’ असते. आरसी म्हणजे परदेशी म्हणून नोंद झाल्याचं सरकारी प्रमाणपत्र, ठरावीक मुदतीनं नवं करून घ्यावं लागणारं. परदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी पिवळ्या कव्हरचं ओळखपत्र. १९५० ते जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेल्यांना जन्मानं नागरिकत्वाचा हक्क आहे, पण सगळे तो घेत नाहीत. परतायचं आहे, ही भावना अनेकांच्या मनातून गेलेली नाही.

आता कल्पना करा. अशी एखादी मुलगी नर्सिंग शिकायला आपल्या शहरात येते. बँकेतला माणूस आरसी उलटसुलट करून पाहतो आणि ‘हे चालत नाही’ म्हणतो. सोसायटीचा सेक्रेटरी ‘परदेशी’ शब्द वाचून घर नाकारतो. कॉलेजच्या फॉर्मवर तिच्यासाठी रकानाच नसतो. केंद्र सरकारचं २०१४ चं तिबेटी पुनर्वसन धोरण आहे, पण काउंटरवर बसलेल्याला ते कुणी सांगितलेलं नसतं. तुम्ही बँकेत असाल, कॉलेजच्या कार्यालयात असाल, सोसायटीच्या कमिटीत असाल, तर हा कागद काय आहे हे समजून घेणं आणि शेजारच्या टेबलाला समजावणं, हे माझ्या मते मोर्च्यातल्या घोषणेपेक्षा मोठं काम आहे.

मग शिक्षण. १९६० मध्ये रस्त्याच्या कामावर खपणाऱ्या तिबेटी मजुरांची ५१ मुलं धरमशालेला आणली गेली आणि त्यातून ‘तिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज’ ही शाळांची संस्था उभी राहिली. तिबेटमधल्या शाळांत जी भाषा पुसली जातेय ती या शाळांत रोज फळ्यावर लिहिली जाते. एखाद्या मुलाचा वर्षाचा खर्च उचलण्याची सोय तिथे आहे. एकट्यानं झेपत नसेल तर चार मित्र मिळून उचलता येतो. या मदतीची आज गरज वाढलीय, कारण २००८ पूर्वी वर्षाला दोन-तीन हजार माणसं हिमालय ओलांडून यायची, आता पहारा इतका कडक आहे की मोजकीच पोहोचतात. इथले तरुण युरोप-अमेरिकेकडे निघालेत. वसाहती ओसरतायत.

आणि खासदार. संसदेत तिबेटसाठी सर्वपक्षीय मंच आहे. आपला खासदार त्यात आहे का, नसेल तर का नाही, असं एक पत्र मतदारसंघातून गेलं तर ते वाचलं जातं. आपल्याकडून अशी पत्रं जवळजवळ जातच नाहीत. पत्रात ‘तिबेट मुक्त करा’ लिहू नका, नेमकं काहीतरी मागा. पंचेन लामांचा ठावठिकाणा चीनला विचारला जावा. आरसीधारक विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या अडचणी सुटाव्यात.

नावाकडेही लक्ष ठेवा. चीन अलीकडे इंग्रजी मजकुरातही तिबेटऐवजी ‘शीत्सांग’ वापरायला लावतो. २०२४ मध्ये पॅरिसमधल्या दोन संग्रहालयांनी तिबेट हे नाव बाजूला सारलं, तेव्हा तिबेटी लोक आणि अभ्यासकांनी आवाज उठवला आणि त्यातल्या एकाला नाव परत आणावं लागलं. मराठी पाठ्यपुस्तकात, नकाशात, बातमीत असं काही दिसलं तर संपादकाला कळवा.

‘पण चीननं तिथे रेल्वे नेली, रस्ते केले’

केले. २००६ मध्ये ल्हासाला रेल्वे पोहोचली, आणि ती अभियांत्रिकीची कमाल आहे यात शंका नाही. बोरीबंदरहून ठाण्याला १८५३ मध्ये गाडी सुटली तीही कमालच होती. त्या रुळांवरून कापूस कुठे गेला हेही आपण शिकलो आहोत.

‘जुना तिबेट तर सरंजामी होता’

हे खरं आहे, आणि पाठीराख्यांनी ते लपवू नये. जमिनी सरदारांच्या आणि मठांच्या होत्या, अनेक कुळं जमिनीला बांधलेली होती. पण सती, बालविवाह, अस्पृश्यता दाखवून ‘हे लोक स्वराज्याला लायक नाहीत’ असं आपल्यालाही सांगितलं गेलं होतं. घरातला अन्याय घरच्यांनी मोडायचा असतो. निर्वासित तिबेटींनी १९६० पासून निवडून दिलेली प्रतिनिधी सभा चालवलीय आणि २०११ मध्ये दलाई लामांनी स्वतःचे सगळे राजकीय अधिकार लोकांनी निवडलेल्या नेत्याकडे सोपवले.

‘भारत सरकारनंच मान्य केलंय, मग आपण कोण?’

१९५४ च्या करारात भारतानं ‘चीनचा तिबेट प्रदेश’ हे शब्द स्वीकारले आणि २००३ मध्ये तिबेट स्वायत्त प्रदेश चीनचा भाग असल्याचं मान्य केलं. पण २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर याविरुद्ध उभे राहिले होते. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ देऊन आपण चीनची सीमा भारताच्या सीमेपर्यंत आणायला मदत केली, असं त्यांनी सुनावलं. आठ वर्षांनी, १९६२ च्या युद्धात, ते खरं ठरलं. जयप्रकाश नारायणांनी तिबेटसाठी १९५९ मध्ये कलकत्त्यात परिषद भरवली, तेव्हाही सरकारचं धोरण वेगळंच होतं. करारांनी सरकारचे हात बांधले जातात, नागरिकाचे नाही.

‘आपलेच प्रश्न काय कमी आहेत’ हे म्हणणाऱ्यांना गोव्याची आठवण द्यावीशी वाटते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पुण्या-सोलापूरकडची शिक्षक, विद्यार्थी, कामगार माणसं नि:शस्त्र सीमा ओलांडून गेली आणि पोर्तुगीजांच्या गोळ्यांना सामोरी गेली. तेव्हाही आपल्याकडचे प्रश्न कमी नव्हतेच. गोवा सुटला १९६१ मध्ये, सैन्यानं सोडवला. पण मधल्या वर्षांत तो प्रश्न दिल्लीला विसरू दिला नाही तो या माणसांनी.

चिनी माळा न घेतल्यानं तिबेटला काही मिळतं, असं मात्र मला वाटत नाही. ज्याला तो निषेध करायचा त्यानं करावा. चिनी माणसांचा द्वेष तर बिलकूल नको. दलाई लामांनीही तो कधी केला नाही.

जे करू नये

२०२० पासून बंद असलेली कैलास-मानसरोवर यात्रा जून २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. आपल्याकडून पुष्कळ जण जातात, पुढेही जातील. तिबेटी लोक त्या पर्वताला कांग रिन्पोचे म्हणतात आणि आपल्यासारखीच त्याची परिक्रमा करतात. वाटेत याकवाले, सामान वाहणारे, चहा देणाऱ्या बाया भेटतात. उत्साहाच्या भरात त्यांना दलाई लामांचा फोटो देऊ नका, ‘चीनबद्दल काय वाटतं’ विचारू नका, त्यांचे चेहरे दाखवणारे व्हिडिओ राजकीय मजकुरासकट टाकू नका. तिथे तो फोटो जवळ सापडणंही गुन्ह्यासारखं मानलं जातं. चिनी ॲपवरून तिबेटमधल्या माणसाशी या विषयावर बोलणं तितकंच घातक.

पाहा, ऐका, नमस्कार करा. त्यांचा अभिवादनाचा शब्द ‘टाशी देलेक’, तो म्हणा. जे दिसलं ते घरी येऊन सांगा, नाव-गाव वगळून. तुम्ही काही दिवसांत पुण्याला किंवा नागपूरला परत याल. याकवाला तिथेच राहणार आहे.